थर्मल कॅमेऱ्याने फायबर तपासायचंय? मग आधी घड्याळ हातात घ्या

थालीपीठ तव्यावर नीट थापलं नाही की एखाद्या ठिकाणी खाली हवा राहते, आणि उलटल्यावर बघा, बाकी सगळं खरपूस आणि बरोबर तेवढाच गोल पांढरट, कच्चा. तवा तिथेही तितकाच तापलेला होता, पण मधल्या हवेच्या पातळ थराने उष्णता पुढे जाऊ दिली नाही. इन्फ्रारेड थर्मोग्राफीने, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याने, कंपोझिटमधले (धागे आणि रेझिन मिळून बनलेल्या मटेरियलमधले) लपलेले दोष शोधायचे म्हणजे तत्त्व एवढंच, फरक इतकाच की आपल्याला थालीपीठ उलटता येत नाही, वरूनच सांगायचं असतं की खाली कुठे सुटलंय.

हे लिहितोय ते नवीन लोकांसाठी. म्हणजे कंपनीने इलेक्ट्रिकल पॅनलचे गरम जॉइंट बघायला कधीतरी थर्मल कॅमेरा घेतलेला असतो, तो कपाटात पडलेला असतो, आणि एक दिवस साहेब म्हणतात की अरे याने आपले फायबरचे पार्ट पण बघता येतात म्हणे, बघ जरा. मग तुम्ही कॅमेरा पार्टवर रोखता आणि स्क्रीनवर येतो एक जांभळा-केशरी ढग ज्यात काहीच कळत नाही. माझंही असंच झालं होतं.

शब्दांचं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे शॉपमध्ये ‘फायबर’ म्हणजे काचेचं फायबर आणि रेझिन, बोटी, टाक्या, पवनचक्कीची पाती वगैरे. कार्बन असेल तर आपण कार्बनच म्हणतो. मी पण तसंच म्हणणार. आणि डीलॅमिनेशनला मी सरळ ‘पापुद्रा सुटणं’ म्हणेन, कारण होतं तेच.

कॅमेरा आत बघत नाही

हे पहिल्यांदा डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं सगळं वाया. हा एक्सरे नाही. साधे थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनचं इन्फ्रारेड पकडतात, महागडे, डिटेक्टर थंड ठेवलेले कॅमेरे बहुतेक ३ ते ५ मायक्रॉनचं, पण दोघांनाही दिसते ती फक्त कातडी. पार्ट रात्रभर शेडमध्ये पडून सगळीकडे सारख्या तापमानाला आला असेल तर आत अर्धा पार्ट सुटलेला असला तरी चित्र सपाट येणार. म्हणून आपल्याला वरून थोडी उष्णता द्यावी लागते आणि ती आत कशी मुरतेय ते बघावं लागतं. चांगल्या जागी ती सरळ आत जाते आणि पृष्ठभाग पटापट थंड होतो. पापुद्रा सुटलेल्या जागी आत हवा आहे, हवेची उष्णता वाहायची क्षमता ०.०२६, फायबरची साधारण ०.३ आणि कार्बनची जाडीच्या दिशेने ०.६ ते ०.८ (वॅट प्रति मीटर केल्विन, पण एकक सोडा, प्रमाण बघा, दहापट ते तीसपट फरक आहे). त्यामुळे तिथे उष्णता अडते, वरच तुंबते, आणि तेवढा भाग आजूबाजूपेक्षा गरम राहतो.

पाणी याच्या उलट. पाणी उष्णता पिऊन घेतं, म्हणून कोअरमध्ये, म्हणजे आतल्या फोमसारख्या हलक्या थरात, पाणी शिरलं असेल तर ती जागा थंड दिसते.

वेळ म्हणजेच खोली

माझ्या मते नव्या माणसाने एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ती ही. लोक चित्र बघतात, वेळ बघत नाहीत. एक फोटो काढतात आणि त्यावर लाल गोल करून रिपोर्ट देतात, त्याला काही अर्थ नाही.

उष्णता आत शिरायला वेळ लागतो आणि दोष दुप्पट खोल असेल तर दुप्पट नाही, चौपट वेळ थांबावं लागतं. ढोबळ हिशोब असा की खोलीचा वर्ग घ्यायचा, मिलिमीटरमध्ये, आणि त्याला मटेरियलच्या डिफ्युझिव्हिटीने (उष्णता त्यात किती वेगाने पसरते तो आकडा) भागायचं. कार्बनसाठी जाडीच्या दिशेने ०.४ धरा, फायबरसाठी ०.२ धरा, उत्तर सेकंदात येतं. म्हणजे कार्बनमध्ये १ मिमी खाली दोष असेल तर अडीच सेकंद, २ मिमीला १० सेकंद, ४ मिमीला ४० सेकंद. फायबरमध्ये याच्या दुप्पट, ५, २० आणि ८० सेकंद. आणि फायबरमध्ये १० मिमी खाली बघायचं म्हटलं तर ५०० सेकंद, आठ मिनिटांच्या वर, तोपर्यंत उष्णता आडवी पसरून सगळा चिखल झालेला असतो. हे आकडे काटेकोर नाहीत, रेझिनचं प्रमाण, विणकाम यावर बदलतात, पण कुठल्या सेकंदाला स्क्रीनकडे डोळे लावून बसायचं ते यावरून कळतं.

यात एक बरं आहे. ऍल्युमिनिअमची डिफ्युझिव्हिटी ६० च्या आसपास किंवा वरच, तिथे २ मिमीवरचा दोष सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत दिसून जातो, साधा सेकंदाला ९ फ्रेमवाला कॅमेरा डोळे चोळेपर्यंत खेळ संपलेला. आपलं फायबर आळशी आहे, आणि म्हणूनच स्वस्त कॅमेऱ्यातही काम होतं.

दुसरा नियम आकाराचा. दोषाची त्रिज्या त्याच्या खोलीइतकी तरी हवी, शक्यतो दुप्पट. २ मिमी खाली ३ मिमीचा फुगा शोधायला जाऊ नका, सापडणार नाही, कारण उष्णता बाजूने वळसा घालून निघून जाते.

सामान

कॅमेरा कुठला चालेल? ३२० गुणिले २४० पिक्सेल असेल तर उत्तम, फोनला लावायचे १६० गुणिले १२० वाले पण शिकायला चालतात. २५ अंशाची लेन्स असेल आणि तुम्ही १ मीटरवर उभे असाल तर साधारण ४४ सेंटिमीटर रुंदी दिसते, ३२० ने भागा, एक पिक्सेल म्हणजे १.४ मिमी. दोषावर कमीत कमी तीन-चार पिक्सेल तरी पडले पाहिजेत, त्यामुळे लांबून आख्खी बोट एका फ्रेममध्ये घेतली की रिपोर्टच्या कव्हरला छान दिसते, पण त्यात शोधायला काही उरत नाही. संवेदनशीलता ०.०५ अंश किंवा त्याहून चांगली हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेऱ्याने रेडिओमेट्रिक व्हिडिओ रेकॉर्ड केला पाहिजे, म्हणजे प्रत्येक फ्रेममधल्या प्रत्येक पिक्सेलचं तापमान नंतर काढता आलं पाहिजे. नुसता रंगीत फोटो देणारा कॅमेरा असेल तर दर पाच सेकंदांनी फोटो काढून जमवता येतं, मी केलंय, पण वैताग आहे.

तापवायला ५०० किंवा १००० वॅटचे दोन हॅलोजन, पूर्वी लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे असायचे तसे. दोन १००० वॅटचे मिळून जवळपास ९ अँपिअर खेचतात, तेव्हा घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला मल्टीप्लग लावून ते चालवू नका, १६ अँपिअरचा पॉइंट घ्या. याशिवाय ट्रायपॉड हवाच, हातात कॅमेरा धरून हे काम होत नाही. जाड पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे, ऍल्युमिनिअम फॉइल टेप, काळा मॅट पोस्टर कलर आणि घड्याळ. हीट गन असेल तर तीही जवळ ठेवा.

आणि हे फार गंभीरपणे सांगतोय: फायबरच्या शॉपमध्ये ऍसिटोनचे डबे उघडे असतात, स्टायरिनचा वास भरलेला असतो, हार्डनर म्हणून वापरायचं पेरॉक्साइड कोपऱ्यात असतं. पेटलेला हॅलोजन तिथे न्यायचा नाही. ऍसिटोनची वाफ शून्याच्या खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि हॅलोजनची काच शेकडो अंशांवर असते. लेअप, म्हणजे रेझिन लावून थर चढवायचं काम, चालू असेल त्या दिवशी तपासणी नाही, किंवा पार्ट दुसरीकडे न्या. मी एकदा लाइटच्या मागे सहा फुटांवर उघडा डबा बघितला तेव्हा घाम फुटला होता, काही झालं नाही हे नशीब.

आधी स्वतःचा खोटा पार्ट बनवा

ही पायरी नवीन माणूस हमखास गाळतो. खरा पार्ट तपासण्याआधी ज्यात दोष कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे असा एक पॅनल बनवा. तीस बाय तीस सेंटिमीटर, जेलकोट (रेझिनचा वरचा चकचकीत थर) मारा, मग ४५० ग्रॅमची मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) सहा थर. पॉलिस्टर रेझिनमध्ये एक थर साधारण १ मिमी होतो, म्हणजे सहा-साडेसहा मिमीचा पॅनल. पहिल्या थरानंतर, दुसऱ्यानंतर आणि तिसऱ्यानंतर मध्ये दोष पेरा, १०, २० आणि ३० मिमीचे. जेलकोट अर्धा मिमी धरला तर खोली दीड, अडीच आणि साडेतीन मिमी. वरच्या हिशोबाने फायबरमध्ये ते अनुक्रमे ११, ३१ आणि ६१ सेकंदांच्या आसपास दिसायला हवेत.

आता दोष पेरायचे कशाने? सगळे सांगतात टेफ्लॉनचा तुकडा टाक. मी टाकला, आणि काही म्हणजे काही दिसलं नाही, दोन दिवस मी कॅमेऱ्याला शिव्या देत बसलो. मग आकडे बघितले तेव्हा ट्यूब पेटली. टेफ्लॉनची वाहकता ०.२५, फायबरची ०.३, उष्णतेच्या दृष्टीने दोघं सख्खे भाऊ! त्यात रेझिन त्याच्यावर चपखल बसतं, हवा राहतच नाही. तेव्हा फिल्मचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कडा टेपने बंद करायच्या, छोटं पाकीट करायचं, आत थोडी हवा राहिली की तो खरा दोष. नाहीतर मागून सपाट तळाचं भोक पाडायचं, ते सगळ्यात सोपं, पण लक्षात ठेवा की भोक फार ठळक दिसतं, खरा सुटलेला पापुद्रा त्यापेक्षा पुसट असतो. भोकावर शिकलेला माणूस खऱ्या पार्टवर गेला की म्हणतो काहीच दोष नाही.

प्रत्यक्ष तपासणी

वेळ पहाटेची किंवा संध्याकाळ उलटल्यावरची घ्या. पत्र्याची शेड असेल तर दुपारी तो पत्रा वरून रेडिएटरसारखा तापतो आणि चकचकीत जेलकोटमध्ये त्याचं प्रतिबिंब पडतं. पंखे बंद, शटर खाली. पार्ट तासभर आधी आणून ठेवा म्हणजे तो खोलीच्या तापमानाला येईल, आणि त्याच्यावर हात फिरवू नका, हाताचा ठसा मिनिटभर दिसत राहतो (पोरांना हे दाखवा, फार आवडतं).

पार्ट पुसून घ्या. त्यावर फॉइल टेपचे छोटे चौकोन चिकटवा, चार कोपऱ्यांना, एकमेकांपासून बरोबर १० सेंटिमीटरवर. ही युक्ती मला बऱ्याच उशिरा कळली. फॉइलची एमिसिव्हिटी, म्हणजे स्वतःहून इन्फ्रारेड बाहेर टाकायची क्षमता, फार कमी, त्यामुळे थर्मल चित्रात ते तुकडे आजूबाजूपेक्षा वेगळे, टोकदार दिसतात, आणि मग स्क्रीनवरचा डाग पार्टवर नक्की कुठे आहे ते मोजून खडूने मार्क करता येतं, स्केलही मिळते. नाहीतर स्क्रीनवर दोष दिसतो आणि पार्टवर आपण चाचपडत बसतो. फोकसलाही त्यांचाच उपयोग, कडा धारदार दिसेपर्यंत फोकस फिरवा.

कॅमेरा अगदी समोर नको, दहा-पंधरा अंश तिरका, नाहीतर जेलकोटमध्ये तुमचंच भूत दिसेल. हॅलोजन दोन बाजूंनी ४५ अंशात, पार्टपासून अंदाजे ६० ते ८० सेंटिमीटर. रंगांची ऑटो स्केल बंद करा, वरचा-खालचा आकडा स्वतः ठरवा, कारण ऑटोवर कॅमेरा दर क्षणी रंग बदलत राहतो आणि काहीच नसलेल्या पार्टवरही भडक डाग रंगवून दाखवतो. मधूनमधून कॅमेऱ्यातून टक्क असा आवाज येतो ना, तो शटर पडून कॅमेरा स्वतःला शून्यावर आणतो, त्या वेळी आकडे उडी मारतात, तेव्हा रेकॉर्डिंगच्या आधी ते हाताने एकदा करा आणि मेनूत ऑटो बंद करता येत असेल तर करा.

रेकॉर्डिंग सुरू. दहा सेकंद थंड पार्टचे जाऊ द्या. मग हॅलोजन चालू, वरवरचे दोष बघायचे तर ५ ते १० सेकंद, तीन-चार मिमी खालचे तर ३० ते ६० सेकंद. पृष्ठभाग दहा-पंधरा अंशांनी वाढला की पुरे, साध्या तापमानाला सेट झालेलं रेझिन ६०-७० अंशांला मऊ पडायला लागतं, दोष शोधता शोधता नवीन दोष करू नका. मग लाइट बंद आणि लगेच पुठ्ठे आडवे. हे का, तर बंद केलेला हॅलोजनही मिनिटभर तापलेला राहतो, आपल्याला तो विझलेला दिसतो पण कॅमेऱ्याला नाही. आणि मग थांबा. फायबरचा पार्ट असेल तर दोन मिनिटं पूर्ण रेकॉर्ड करा, बोलायला कोणी आलं तरी कॅमेऱ्यासमोरून जाऊ देऊ नका.

या दोन मिनिटांत जे दिसतं ते फार सुंदर असतं खरं तर. सुरुवातीला सगळं गढूळ, हॅलोजनचे दोन गरम पट्टे तेवढे दिसतात. मग ११-१२ सेकंदांना दीड मिमीवाले तीन ठिपके उगवतात, कडा स्पष्ट, अगदी नाण्यासारखे. ते फिके पडायला लागतात तोपर्यंत अर्ध्या मिनिटाला दुसरी रांग येते, जरा धूसर. तिसऱ्या रांगेतला ३० मिमीचा दिसतो, २० चा ‘आहे वाटतं’ असा, आणि १० चा माझ्या पॅनलमध्ये मला आजपर्यंत दिसलेला नाही, हिशोबाने तो काठावरच आहे.

वक्र रेषा काढा, मग बोला

व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडा, संशयाच्या जागी एक बिंदू, शेजारी चांगल्या जागी दुसरा बिंदू, दोघांची तापमानं वेळेनुसार एक्सेलमध्ये घ्या आणि वजाबाकी करा. खरा दोष असेल तर फरक हळूहळू वाढतो, एका वेळेला सर्वात जास्त होतो आणि मग उतरतो. लाइट बंद केल्या क्षणापासून फरक आहे आणि तो नुसता कमीच होत जातोय, तर बहुतेक तो असमान तापवल्याचा डाग आहे किंवा पृष्ठभागावरची घाण. हा एक निकष तुम्हाला अर्ध्याहून जास्त चुकांपासून वाचवेल असा माझा अनुभव.

अजून एक गंमत. चांगल्या जाड जागी, तापवणं अगदी क्षणभराचं असेल तर, वेळ चौपट झाला की वाढलेलं तापमान निम्मं होतं. म्हणजे १ सेकंदाला ८ अंश वर असेल तर ४ सेकंदाला ४, १६ सेकंदाला २. लॉग स्केलवर ही सरळ रेषा येते, उतार उणे अर्धा, आणि दोष आला की रेषा वाकते. मोठे लोक फ्लॅश लॅम्प वापरतात, काही मिलिसेकंदांत काही किलोज्यूल ऊर्जा फेकतात, त्यांचं सगळं सॉफ्टवेअर या वाकण्यावरच चालतं. विमानाच्या कंपोझिट पॅनलसाठी एएसटीएमचं ई २५८२ हे स्टँडर्ड आहे तेही फ्लॅशचंच. आपला हॅलोजन कितीतरी सेकंद चालतो त्यामुळे हा नियम आपल्याकडे सुरुवातीला लागू पडत नाही, बराच वेळ गेल्यावर थोडाफार पडतो.

लॉक-इन नावाचा प्रकारही ऐकाल, त्यात लाइट हळूहळू कमी-जास्त करत राहतात आणि तापमान किती मागे राहून येतंय ते, म्हणजे फेज, मोजतात. असमान तापवण्याचा आणि रंगातल्या फरकाचा त्रास त्यात कमी होतो. पण ०.०१ हर्ट्झवर एक आवर्तनच १०० सेकंदांचं, दोन-तीन तरी आवर्तनं हवीत, कामाला चिकाटी लागते. पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या नादी लागू नका.

फसवणारे डाग

रंग. हॅलोजनचा बराचसा भाग दिसणाऱ्या आणि त्याच्या जवळच्या प्रकाशाचा असतो, त्यामुळे पांढऱ्या जेलकोटवरची काळी अक्षरं जास्त तापतात आणि थर्मल चित्रात कंपनीचं नाव छान वाचता येतं. गंमत म्हणजे ८ ते १४ मायक्रॉनला काळा आणि पांढरा पेंट जवळपास सारखेच, दोघांची एमिसिव्हिटी ०.९ च्या वर, फरक तापण्यातला आहे, दिसण्यातला नाही. उपाय, पोस्टर कलर मारून सगळं काळं करा आणि नंतर धुवा, नाहीतर हीट गनने तापवा, गरम हवेला रंग कळत नाही. जेलकोट नसलेल्या अर्धपारदर्शक फायबरलाही काळा रंग माराच, कारण तिथे हॅलोजनचा उजेड थेट आत घुसतो आणि आतूनच तापवतो, मग वेळेचा सगळा हिशोब कोलमडतो.

प्रतिबिंब. संशयाचा डाग दिसला की कॅमेरा थोडा बाजूला सरकवा. डाग पार्टवर चिकटून राहिला तर ठीक, तुमच्याबरोबर सरकला तर तो तुम्ही स्वतः आहात किंवा मागची भट्टी.

कार्बनची दिशा. कार्बनमध्ये उष्णता धाग्यांच्या दिशेने जाडीपेक्षा कितीतरी वेगाने पळते, त्यामुळे गोल दोष लांबट अंडाकृती दिसतो. घाबरू नका, वरच्या थराची दिशा ड्रॉइंगमध्ये बघा.

आणि ड्रॉइंग. यावरून आठवलं. कोकणातल्या एका खाडीकाठच्या यार्डात फायबरच्या बोटीचा डेक बघायला गेलो होतो, फोम कोअरचा, मालकाला शंका की पाणी शिरलंय. तापवलं, आणि नाकाकडच्या बाजूला दोन स्वच्छ थंड चौकोन. थंड म्हणजे पाणी, मी लगेच खडूने गोल केले आणि जरा ऐटीतच सांगितलं. मालकाने ड्रिल मागवलं. ५ मिमीचं भोक पाडलं तर बिटाबरोबर बाहेर आला तो कोरडा तपकिरी भुसा, खिडकीच्या फ्रेमचं काम चालू असताना येतो तसा लाकडाचा वास. तोपर्यंत गप्प उभे असलेले म्हातारे मिस्त्री म्हणाले, “साहेब, ते पाणी नाय, प्लाय आहे. क्लीटचे बोल्ट पकडायला मीच टाकलाय.” क्लीट म्हणजे दोर बांधायचा खुंटा. फोमपेक्षा प्लायवूड जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणून थंड. एवढा सरळ चौकोन पाणी कशाला करेल, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. भोक बुजवायचे पैसे मी दिले. तेव्हापासून कॅमेरा काढायच्या आधी बनवणाऱ्या माणसाजवळ बसून आत काय काय टाकलंय ते विचारतो, रिब कुठे, लाकूड कुठे, जॉइंट कुठे, कुठे रेझिन जास्त ओतलं गेलंय.

विमानवाले काय करतात

बोइंग ७८७ चं जवळपास निम्मं वजन कंपोझिटचं आहे, आपल्या तेजसच्या सांगाड्यातही साधारण ४५ टक्के, तेव्हा या मंडळींना हे काम रोजचंच. हनीकोंबमध्ये (मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांच्या कोअरमध्ये) पाणी शिरलंय का हे बघायची त्यांची पद्धत मला फार आवडते. विमान वर उणे ५० अंशांत काही तास उडालेलं असतं, आत पाणी असेल तर त्याचा बर्फ होतो. उतरल्यावर बाकीचा भाग लवकर कोमट होतो पण बर्फाला वितळायला प्रचंड उष्णता लागते, त्यामुळे लँडिंगनंतर लगेच कॅमेरा लावला की पाणी असलेले कप्पे थंड ठिपक्यांसारखे उठून दिसतात. लाइट नको, काही नको, आकाशानेच पार्ट गार करून दिला.

कोलंबिया यानाचं तर सगळ्यांना आठवत असेल, १ फेब्रुवारी २००३, कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर, कार्बन-कार्बनच्या पॅनलवर आदळला होता. त्यानंतर नासाने या पॅनलांच्या तपासणीत थर्मोग्राफीवर जोर दिला, आणि जुलै २००६ च्या एसटीएस-१२१ मोहिमेत तर अंतराळवीरांनी यानाबाहेर जाऊन मुद्दाम खराब केलेल्या नमुन्यांचं इन्फ्रारेड शूटिंग करून बघितलं.

डाग पक्का करणं आणि लिहून ठेवणं

बाजारात मडकं घेताना आपण बोटाने वाजवून घेतो. टॅप टेस्ट तीच, पाच रुपयांचं नाणं किंवा छोटी हातोडी, चांगल्या जागी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. थर्मलने दाखवलेला प्रत्येक डाग वाजवून बघा. पातळ स्किनला ही पद्धत मस्त, जाडीला नाही, तिथे अल्ट्रासॉनिक. आणि शॉपमध्ये भंगारात जाणारा पार्ट असेल तर तो आधी तपासा, डाग मार्क करा आणि मग ग्राइंडरने कापून बघा, याच्याइतकं शिक्षण कुठल्याच कोर्समध्ये नाही. (कोर्स करायचाच असेल तर आयएसओ ९७१२ मध्ये थर्मोग्राफी ही वेगळी पद्धत म्हणून आहे, लेव्हल १, २, ३. विमानाच्या कामाला ईएन ४१७९ किंवा नॅस ४१० लागतं.)

नोंदीत हे हवंच: खोलीचं तापमान, लाइट किती वॅटचे आणि किती अंतरावर, किती सेकंद तापवलं, डाग कितव्या सेकंदाला सर्वात ठळक झाला, रंगांची स्केल कुठून कुठपर्यंत. मूळ व्हिडिओ फाइल जपा, रिपोर्टमधला फोटो नाही. सहा महिन्यांनी तोच पार्ट परत आला की तेवढेच सेकंद तापवून तुलना करता येते.

कुठे हात टेकायचे

दोन पापुद्रे एकमेकांना नुसते टेकलेले आहेत, मध्ये हवा नाही, पण चिकटलेलेही नाहीत, असा जॉइंट थर्मोग्राफीला दिसत नाही. उष्णता आरामात पार होते, चित्र चांगलं येतं, आणि जॉइंटमध्ये ताकद शून्य. यावर माझ्याकडे उपाय नाही, चिकटवण्याआधी पृष्ठभाग नीट घासला-पुसला का हे बघणं एवढंच.

आणि पवनचक्क्या. साताऱ्याला वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याकडे गेलात की प्रत्येकजण विचारतो, याने पात्याचं सगळं कळेल का. स्किन आणि कोअर सुटलंय का ते कळेल, सकाळच्या कोवळ्या उन्हात पातं थांबवलेलं असेल तर ऊनच हॅलोजनचं काम करतं, फक्त वारा नको, आणि तिथे वारा नसतो कधी? पण आतल्या मुख्य पट्ट्याची, स्पार कॅपची जाडी अनेक सेंटिमीटर असू शकते. तीन सेंटिमीटर धरा, वर्ग ९००, भागिले ०.२, साडेचार हजार सेकंद. सव्वा तास! तेवढ्यात ऊन फिरतं, वारा सुटतो, चहावाला येऊन जातो. तिथे कॅमेरा पिशवीत घाला आणि अल्ट्रासॉनिकवाल्याला फोन करा.